चेहऱ्याला काय लावावं, आणि त्याआधी काय थांबवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७. कपाळ आणि नाक दुपारपर्यंत तेलकट होतं, गाल मात्र तोंड धुतल्यावर ओढल्यासारखे वाटतात. हनुवटीवर अधूनमधून मुरमं येतात आणि ती बसली तरी काळसर डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. घरात फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, नायसिनामाइड, ग्लायकोलिक अ‍ॅसिड, रेटिनॉल, एक मॉइश्चरायझर आणि मैत्रिणीने दिलेली गोरेपणाची एक क्रीम आहे. हल्ली साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं. तर हे सगळं कोणत्या क्रमाने लावायचं?

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. साधं मॉइश्चरायझर चुरचुरतं, म्हणजे त्वचेचा सगळ्यात वरचा थर दुखावलेला आहे. तो सावरेपर्यंत क्रम कसाही लावलात तरी फरक पडणार नाही. दवाखान्यात पिशवीभर बाटल्या टेबलावर ओतून "यातलं आधी काय लावू?" असं विचारणारे रोज भेटतात. त्यांना मी बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगते, की तूर्त यातलं काही लावू नका.

हा वरचा थर मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. चपट्या, मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड यांचा गिलावा, अशी त्याची बांधणी. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं हे त्याचं काम. त्याचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. रोज रात्री ग्लायकोलिक, वर रेटिनॉल, सकाळी व्हिटॅमिन सी असा मारा चालू राहिला की हा गिलावा झिजतो, पाणी उडून जायला लागतं आणि एरवी सहज चालणारी क्रीमही झोंबायला लागते.

पण मग कपाळ तेलकट कसं? कारण तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलग्रंथी मुख्यतः हार्मोन्सच्या हुकमाने चालतात. वरचा थर फाटला म्हणून त्या थांबत नाहीत, आणि तुम्ही चार वेळा तोंड धुतलंत म्हणून तेल कमीही करत नाहीत. म्हणून चेहरा एकाच वेळी चिकट आणि ओढल्यासारखा असू शकतो. अशा वेळी माणसं "त्वचा तेलकट आहे" असं समजून आणखी कडक फेसवॉश आणतात आणि दुखणं वाढवून ठेवतात.

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत यात आणखी एक मेख आहे. या त्वचेत दाह झाला की रंगपेशी चिडतात आणि तिथे जास्तीचं मेलॅनिन सोडतात. मुरूम हा दाह, तसाच जास्त अ‍ॅसिड लावून आलेली लाली हाही दाहच. म्हणजे डाग घालवायला लावलेली बाटली नवे डाग पाडू शकते. तुमचे डाग महिनोन्‌महिने का जात नाहीत याचं निम्मं उत्तर बहुधा इथेच आहे.

म्हणून पहिले चार आठवडे फक्त तीन गोष्टी: रात्री सौम्य क्लीन्झर, दोन्ही वेळा मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. चार आठवडेच का, तर तरुण वयात त्वचेच्या पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण तेवढा काळ लागतो. वय वाढेल तसा तो लांबतो. या काळात मुरूम आलंच तरी त्याला हात लावू नका. ते फोडून जो डाग पडेल तो मुरमापेक्षा कितीतरी जास्त दिवस मुक्काम करेल.

बाकी बाटल्या आजच बंद केल्या तरी हरकत नाही. गोरेपणाच्या क्रीमचं मात्र तसं नाही. आधी तिच्या ट्यूबवर काय छापलंय ते वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. काहीच छापलेलं नसेल तर ते त्याहून वाईट, कारण अशा क्रीममध्ये पाराही सापडतो आणि तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडाला इजा करतो. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, मुरमं बसतात, म्हणून तर ती क्रीम मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे फिरते. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात आग होते, बारीक लव वाढते. आणि क्रीम सोडली की चेहरा लालभडक होऊन उसळतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. तुम्ही ती महिनाभराहून जास्त रोज लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू उतरवून देतील. पाऱ्याचा संशय असेल तर मात्र ती त्याच दिवशी बंद करायची आणि डॉक्टरांना तसं सांगायचं. दोन-चार वेळाच लावली असेल तर सरळ टाकून द्या.

आता एकेक वस्तू.

क्लीन्झरबद्दल लोक फार विचार करतात, एवढी गरज नाही. फक्त अंगाचा साबण चेहऱ्याला नको. खऱ्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. 'सिंडेट' म्हणून मिळणारी वडी किंवा सौम्य फेसवॉश त्वचेच्या पीएचच्या जवळचा असतो. फेस किती येतो यावरून काही ठरत नाही. धुतल्यावर गालावर बोट फिरवलं आणि 'चरचर' वाजलं तर ती स्वच्छता नव्हे, गिलावा निघून गेल्याची खूण आहे. धुवून पाच मिनिटं काही न लावता बसा. बोलताना, हसताना गाल ताणल्यासारखे वाटले तर तो फेसवॉश तुमचा नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. पाणी कोमट, हात हलका, अर्धा मिनिट पुरे. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. सकाळी तुमच्यासारख्या चेहऱ्याला नुसतं पाणीही चालतं, फार तेलकट वाटलं तरच क्लीन्झर. मेकअप किंवा पाण्याला दाद न देणारं सनस्क्रीन असेल तर रात्री आधी क्लीन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटरने ते काढा आणि मग धुवा. एरवी दोनदा धुण्याची काही गरज नाही. दाणेदार स्क्रब घरात असेल तर तो टाचांना वापरा.

मॉइश्चरायझर घेताना बाटलीच्या मागे छापलेली घटकांची यादी वाचायला शिका. ग्लिसरीन, युरिया, हायलुरॉनिक अ‍ॅसिड ही पाणी धरून ठेवणारी मंडळी. सिरॅमाइड गिलाव्याची भरपाई करतं. पेट्रोलेटम आणि डायमेथिकोन वरून झाकण घालतात. पेट्रोलेटम, म्हणजे साधी पेट्रोलियम जेली, पाणी उडून जाणं रोखण्यात अजूनही सगळ्यांच्या पुढे आहे. देखण्या बाटलीत येत नाही म्हणून तिला कोणी विचारत नाही, एवढंच. तेलकट त्वचेला जेल किंवा पातळ लोशन, कोरड्या त्वचेला क्रीम. तुमच्यासारखा मिश्र चेहरा असेल तर दोन वेगळी उत्पादनं घेण्यापेक्षा एकच लोशन गालांवर दोन हात आणि कपाळावर निसटतं लावा. संपूर्ण चेहऱ्यावर सारखंच लावलं पाहिजे असा काही नियम नाही. लावायचं मात्र त्वचा ओलसर असतानाच.

घेताना 'सुगंधविरहित' शब्द शोधा. सौंदर्यप्रसाधनांच्या अ‍ॅलर्जीत सुगंधी द्रव्यं कायम वरच्या क्रमांकावर असतात, आणि यात नैसर्गिक सुगंधी तेलंही आली. 'नैसर्गिक' म्हणजे 'सौम्य' हा गैरसमज किती चेहऱ्यांवर उमटलेला मी पाहिलाय! लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. त्यातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा अक्षरशः भाजल्यासारखी होते आणि काळे पट्टे उठतात. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी. टूथपेस्ट दातांसाठी असते. यापुढे या विषयावर मी काही लिहिणार नाही.

सनस्क्रीनवर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण डागांच्या तक्रारीत सगळ्यात जास्त काम हेच करतं आणि सगळ्यात चुकीचं हेच लावलं जातं.

बाटलीवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देतात. प्रत्यक्षात लोक त्याच्या पाव ते निम्माच लावतात, आणि मग मिळणारं संरक्षणही छापलेल्या आकड्याच्या बरंच खाली येतं. म्हणून माप शिका. तर्जनी आणि मधलं बोट सरळ धरा, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची भरगच्च रेघ ओढा. एवढं चेहरा आणि मानेला लागतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा "एवढं?" असं वाटेलच. एकदम थापलं तर पांढरं दिसतं आणि गोळे येतात, म्हणून आधी एका बोटाचं पसरवा, दोन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या बोटाचं. कानाच्या पाळ्या, जबड्याची कड आणि केसांलगतची पट्टी या तीन जागा हमखास सुटतात. सनस्क्रीन कायम शेवटी, मॉइश्चरायझर बसल्यावर. कपाळ फार तेलकट असेल तर तिथे मॉइश्चरायझर वगळून नुसतं सनस्क्रीन चालेल.

आकड्यांचं सांगायचं तर एसपीएफ ३० यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. फरक एका टक्क्याचा दिसतो, तरी मी ५० चं घ्या म्हणते, कारण आपण कमीच लावणार हे गृहीत धरलेलं बरं. पण एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं, म्हणजे त्वचा भाजण्याचं माप आहे. त्वचा काळवंडवणारे आणि सुरकुत्या आणणारे यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. त्यासाठी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द किंवा पीए+++ आणि त्यापुढची खूण बघा. दिवसभर खिडकीजवळ बसून काम असेल तर सनस्क्रीन घरातही हवं. बाहेर उन्हात, घामात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आत बसून असाल तर एवढा आटापिटा नको.

डागांसाठी आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः निळसर भाग, डाग गडद करतो आणि बहुतेक सनस्क्रीन तो अडवत नाहीत. आयर्न ऑक्साइड घातलेली, किंचित रंगाची सनस्क्रीन तो अडवतात. तुम्हाला तशी रंगछटा जुळली तर तीच घ्या. पांढरा थरही दिसत नाही, हा वरचा फायदा. डोळ्यांत झोंबत असेल तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडची खनिज सनस्क्रीन किंवा स्टिक वापरा. आणि ड जीवनसत्त्वाची भीती घालून कोणी सनस्क्रीन बंद करायला सांगितलं तर लक्ष देऊ नका. रोजच्या साध्या वापराने त्याची कमतरता झाल्याचं सहसा दिसत नाही. शंका असेल तर रक्ततपासणी करून गोळी घेता येते. सनस्क्रीनच्या बाबतीत महागडं किंवा नावाजलेलं शोधत बसू नका. जे सकाळी घाईतही दोन बोटं भरून लावावंसं वाटतं ते चांगलं.

चार आठवड्यांनी मॉइश्चरायझर झोंबायचं थांबलं की मग त्वचेचा प्रकार तपासा. आज तपासलात तर उत्तर चुकीचं येईल, कारण दुखावलेली त्वचा कोणत्याही प्रकारासारखी वागते. पद्धत सोपी आहे: सौम्य क्लीन्झरने तोंड धुवा, टिपा, काही लावू नका आणि तासभर आपलं काम करा. मग पातळ टिश्यू कपाळ, नाक, गाल, हनुवटी असा वेगवेगळ्या जागी दाबून उजेडात धरा. कुठे तेलाचा पारदर्शक ठसा उमटतो आणि कुठे कागद कोराच राहतो ते दिसेल. कपाळावर ठसा आणि गालावर कोरा, हे मिश्र त्वचेचं अगदी नेहमीचं चित्र आहे. 'संवेदनशील' हा त्वचेचा वेगळा प्रकार नाही. कोरडी असो वा तेलकट, कोणतीही त्वचा संवेदनशील असू शकते. आणि हे उत्तर कायमचंही नसतं, हवामान, गर्भारपण, वय यांनुसार बदलतं.

आता चौथी वस्तू. इथे माझा नियम कडक आहे: एक तक्रार निवडा आणि तिच्यासाठी एकच औषधी घटक. तुमची मूळ तक्रार मुरमं ही आहे. नवीन मुरमं थांबली की नवीन डाग थांबतील आणि जुने सनस्क्रीनच्या आडोशाला फिके होत जातील. उलट क्रमाने, म्हणजे मुरमं चालू ठेवून डागांच्या मागे लागणं, हे कधी संपत नाही.

माझी पहिली पसंती अ‍ॅडापलीन ०.१ टक्का. हे रेटिनॉइड कुळातलं, मुरमाच्या मुळाशी, म्हणजे छिद्र बुजण्यावर काम करणारं. याच कुळातलं ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ साली मुरमांसाठी मान्य झालं, तेव्हा या औषधांचा अनुभव जुना आणि भक्कम आहे. अ‍ॅडापलीन त्यामानाने सौम्य. एकदा डॉक्टरांना दाखवून सुरू केलेलं चांगलं. रात्री, तोंड धुवून पूर्ण कोरडं झाल्यावर, वाटाण्याएवढं. लक्षात घ्या, एका वाटाण्याएवढं संपूर्ण चेहऱ्याला, एकेका मुरमाला नाही. ते फक्त आलेल्या मुरमावर टेकवायचं औषध नाही, ते येऊ घातलेल्या मुरमांसाठी आहे. डोळे, नाकपुडीचे कोपरे आणि ओठांच्या कडा सोडा. सुरुवातीला दर तिसऱ्या रात्री, आधी आणि नंतर मॉइश्चरायझरचा पातळ हात. दोन-तीन आठवडे त्रास नसेल तर एक रात्र आड, मग रोज. पहिल्या काही आठवड्यांत मुरमं थोडी वाढल्यासारखी वाटू शकतात आणि बहुतेक जण नेमकं तिथेच सोडून देतात. निकाल आठ ते बारा आठवड्यांनी बघा.

तुमच्याकडचं रेटिनॉल याच कुळातलं, पण दुबळं. दोन्ही एकत्र नको, अ‍ॅडापलीन सुरू केलंत की ते बाजूला. गर्भधारणेचा विचार असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर हे सगळं कुळच वर्ज्य. तेव्हा अझेलेइक अ‍ॅसिड घ्या. ते मुरमं आणि डाग दोन्हींवर काम करतं आणि गरोदरपणातही चालतं. खरं तर डागांचा त्रास जास्त असलेल्यांना मी बऱ्याचदा तेच आधी देते. सुरुवातीला थोडं खाजतं, सवय होते. पिकलेली, लालबुंद मुरमं जास्त असतील तर बेंझॉइल परॉक्साइड जोडता येतं. २.५ टक्के पुरेसं आहे. त्याहून जास्त टक्क्याने परिणाम फारसा वाढत नाही, त्वचेची आग मात्र वाढते. आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, कारण हे औषध कापडाचा रंग उडवतं.

उरलेल्यांपैकी नायसिनामाइड दोन ते पाच टक्क्यांचं असेल तर पुढे सकाळी मॉइश्चरायझरच्या आधी घेता येईल. १० टक्क्यांचं घेतलं म्हणून दुप्पट गुण येत नाही. ते व्हिटॅमिन सीबरोबर चालत नाही ही जुनी अफवा आहे, दोन्ही चालतात. फक्त व्हिटॅमिन सीचा रंग बघा: फिकट पिवळं ठीक, तपकिरी झालं असेल तर ते हवेने खराब झालंय, फेका. ग्लायकोलिक निदान अ‍ॅडापलीनची घडी बसेपर्यंत कपाटात राहू दे. टोनर संपवायचं असेल तर संपवा, नवं आणू नका. डोळ्यांखालच्या वेगळ्या क्रीमची गरज नसते, मॉइश्चरायझरच तिथे लावा. आणि छिद्रं उघडत-मिटत नाहीत, त्यांना स्नायू नसतात. वाफ किंवा बर्फ यांनी थोडा वेळ बरं वाटतं इतकंच.

नवीन काहीही आणलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एका छोट्या चौकोनात दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा. आणि दोन नव्या गोष्टींत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पुरळ उठलं की गुन्हेगार कोण ते कळणार नाही.

काही गोष्टी रुटीनने सुटत नाहीत. दुखणाऱ्या, खोल गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर थांबू नका, खड्ड्यांवर नंतर उपचार करणं फार अवघड जातं. हनुवटीवरच्या मुरमांसोबत पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील तर हार्मोन्सची तपासणी हवी. कपाळावर एकाच आकाराच्या, बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ती बहुधा मुरमं नाहीत, केसांच्या मुळाशी वाढलेलं मॅलासेझिया नावाचं यीस्ट आहे. मुरमांची औषधं त्यावर चालत नाहीत आणि तेल लावल्याने ते आणखी फोफावतं. दोन्ही गालांवर सारखेच पसरलेले तपकिरी चट्टे म्हणजे वांग, त्याचे उपचार वेगळे. तीळ आकार, रंग किंवा कड बदलू लागला, त्यातून रक्त आलं, तर बाकी सगळं सोडून आधी तो दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना मेकअप नको. आणि आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक ट्यूबच्या मागच्या बाजूचा, घटकांची यादी वाचता येईल असा फोटो बरोबर न्या. "पांढरी ट्यूब होती, हिरवं झाकण" एवढ्यावरून आम्हालाही काही ओळखता येत नाही.